कोपऱ्यावर वळून पाहायचं

‘‘आजी, इथं थांब. आता तो माणूस वळेल, बघ,’’ असं म्हणत अंजूनं माझा हात धरून मला मागं ओढलं.

समोर दगडी फरसबंदीचा सरळ रस्ता होता. दोन्ही अंगांना लाकडी दुमजली घरं, जुन्या पितळी भांड्यासारखी काळपट तपकिरी, आणि प्रत्येकाच्या दर्शनी भागाला बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी. एका मिठाईच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ कापडात बांधलेला डबा घेऊन बाहेर पडले होते. दुकानाची मालकीण त्यांच्यामागून रस्त्यावर आली आणि कमरेत वाकून उभी राहिली. गृहस्थ काठी टेकत सावकाश चालले. बाई तशीच वाकलेली. हिची पाठ भरून येईल की काय, असं माझ्या मनात आलं. रस्ता जिथं नदीकडे वळतो तिथं पोचल्यावर ते थांबले, मागं वळले, वाकले. इकडे बाई आणखी खाली वाकली. मग ते कोपऱ्याआड गेले आणि ती आत गेली.

‘‘आता ती जाऊ शकते,’’ अंजू म्हणाली. ‘‘तो वळला नाही तर तिला आत जाता येत नाही.’’

‘‘आणि पाहुणा विसरला तर?’’

तिनं जरा विचार केला. असला प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. ‘‘कोणी विसरत नाही,’’ ती म्हणाली, आणि कुरुंदवाडच्या शाळेत मी पाढे म्हणवून घेताना ज्या सुरात बोलत असे त्या सुरात मला समजावून सांगू लागली. पोचवायला आलेल्यानं आधी आत जायचं नाही. पाहुण्यानं कोपऱ्यावर वळून पाहायचं. मगच दोघं सुटतात. हे तिला तिच्या ओबाचाननं, म्हणजे जपानी आजीनं, शिकवलं होतं.

मी जन्मभर पोरांना शिकवलं, पण त्या दिवशी पोरीची विद्यार्थिनी होऊन मला फार बरं वाटत होतं. सात वर्षांची होती ती. मराठी तिला येत होतं ते सगळं बापाकडून आलेलं, त्यामुळे ती ‘मी जातो’, ‘मी खातो’ असंच बोलायची. कुणी पुण्याची बाई असती तर तिनं तिला तिथल्या तिथं सुधारलं असतं. आमच्या भागातल्या बायकाही तसंच बोलतात, म्हणून मला काही खटकलं नाही. आणि खटकलं असतं तरी मी सुधारलं नसतं. बापाचं तेवढंच तिच्या तोंडात राहणार होतं.

सुहास, माझा मुलगा, आमच्या दहा पावलं मागं खिशात हात घालून चालत होता.

कानाझावा नावाच्या त्या शहरातली ती चहाघरांची जुनी पेठ. तिथल्या लोकांनी जशीच्या तशी राखलेली. विजेचा खांबसुद्धा कुठं दिसत नव्हता. मी काही पेठ पाहायला गेले नव्हते. सुहास आणि युकारी यांचं लग्न मोडलं होतं. कागदपत्रं झाली होती. मूल एकाकडेच, असा तेव्हा तिथला कायदा. अंजू आईकडे राहणार होती. युकारी तिला घेऊन याच पेठेत आपल्या आईच्या घरी आली होती. सुहासच्या कंपनीनं ओसाकाचं ऑफिस बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आम्ही मायलेक परत येणार होतो. मी सामान बांधायला मदत करते म्हणून गेले होते. सामान दोन बॅगाच होतं.

हा एक दिवस आम्हाला मिळाला होता, सकाळपासून दुपारच्या चहापर्यंत. सकाळी युकारी दारात आली तेव्हा माझ्याशी बोलली, आणि तिचं बोलणं सुहासनंच मला मराठीत सांगितलं. तिचं म्हणणं असं, की बाबा कामासाठी भारतात जातोय एवढंच अंजूला माहीत आहे. यापुढं ती मोठी होईपर्यंत भेटी नाहीत, हे आत्ता तिला सांगू नये. ती लहान आहे, हळूहळू विसरेल. तिच्यासमोर कुणी रडू नये.

‘‘आणि तुझं काय म्हणणं आहे?’’ मी सुहासला विचारलं.

‘‘मी हो म्हटलंय,’’ तो म्हणाला. मग मी काय विचारलं ते युकारीला सांगायचं म्हणून तिच्याकडे वळला, पण तिला कळलं असावं. ती खाली बघत होती. वाईट मुलगी नव्हती ती. माझ्या गुडघ्यांसाठी तिनं आठवणीनं बैठकीत एक उंच स्टूल आणून ठेवलं होतं.

तर आम्ही त्या पेठेतून फिरत होतो. अंजूच्या निरोपाच्या धड्यावर मी म्हटलं, की आमच्याकडे सगळं याच्या उलट. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही. जाणाऱ्यानं मागं वळून पाहायचं नाही. आणि तोंडानं ‘जातो’ कधीच म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. म्हणजे माणूस परत येतो.

हे तिला फार आवडलं. ‘‘जाताना येतो म्हणायचं?’’ असं विचारून ती एका दुकानाच्या पायरीवरून उतरताना आतल्या बाईला मराठीतच ‘येतो’ म्हणून आली. ती बाई गोंधळून वाकली. पण दुसरी गोष्ट तिला पटेना. वळून पाहिलं नाही तर तो गेला हे घरच्यांना कसं कळणार, असं तिचं म्हणणं. मग मी तिला माझ्या शाळेचं सांगितलं. जूनमध्ये पहिलीच्या वर्गात नवी पोरं यायची, आया त्यांना दारात सोडायच्या, आणि मी दरवर्षी प्रत्येकीला बजावायची: मागं वळून बघू नका. बघितलंत की पोर रडणार. सरळ चालत जा, घटकाभरात ते रमतं.

‘‘बाबा रडला होता?’’ तिनं विचारलं.

‘‘छे. तुझा बाबा शहाणा. त्याला मी पवारबाईंच्या वर्गात सोडलं आणि मैदान ओलांडून माझ्या वर्गात निघून गेले. रडलाही नाही.’’

‘‘रडलो नाही,’’ मागून सुहास म्हणाला. किती वेळ त्याचं आमच्या बोलण्याकडे लक्ष होतं कोण जाणे. ‘‘खिडकीत उभा होतो. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत. तू वर्गातून बाहेर येशील असं वाटत होतं.’’

हे मला त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. पवारबाईंनीही नाही. मी हसून म्हटलं, की एवढी वर्षं पोटात ठेवून आत्ता सांगतोस होय रे. तोही हसला.

एका घराच्या वळचणीला वाळलेलं मक्याचं कणीस टांगलेलं होतं, सालीसकट. पुढच्या घरालाही. आपण दाराला आंब्याची डहाळी लावतो तसं असेल असं मी म्हटलं, तर अंजूनं मान डोलावली. उन्हाळ्यात डोंगरावरच्या देवळात एक सण असतो, तिथून हे कणीस आणतात आणि वर्षभर दारावर ठेवतात. त्या एका दिवशी देवळात गेलं की हजारो दिवस रोज देवळात गेल्यासारखं होतं, असं ओबाचान म्हणते. ‘‘एका दिवसात?’’ मी विचारलं. ‘‘एकाच,’’ ती म्हणाली. मी सुहासकडे पाहिलं नाही.

मग जाळीचा धडा. तिनं मला एका खिडकीशी उभं केलं आणि आत काय दिसतं ते विचारलं. मला अंधाराशिवाय काहीच दिसेना. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, चष्मा पुसला, तरी नाही. ती हसून लोटपोट. पट्ट्या बाहेरून रुंद आणि आतून निमुळत्या असतात, त्यामुळे आतल्या माणसाला रस्ता दिसतो पण रस्त्यावरच्याला घर दिसत नाही. ओबाचानच्या घरीही वरच्या खोलीला अशीच जाळी आहे. ‘‘मी तिथं बसतो,’’ ती म्हणाली. ‘‘सगळी माणसं बघतो. माणसं मला बघत नाहीत.’’

ते शहर सोन्याच्या वर्खासाठी नावाजलेलं. तिथं आइस्क्रीमवरसुद्धा वर्खाचा अख्खा कागद चिकटवून देतात. सुहासनं अंजूला एक घेऊन दिलं. दसरा नुकताच होऊन गेला होता, म्हणून मी तिला म्हटलं, की आमच्याकडे दसऱ्याला एकमेकांना सोनं देतात, झाडाचं पान असतं, पण सोनंच म्हणायचं, आणि देताना म्हणायचं: सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. तिनं लगेच बोटानं वर्खाचा एक तुकडा उचलला. तो इतका पातळ, की बोटावरून सुटेना. शेवटी तिनं तो बापाच्या गालावर पुसला आणि सगळं वाक्य एका दमात म्हणून दाखवलं. ‘राहा’चा उच्चार करताना ती जरा अडखळली.

सुहासनं गाल पुसला नाही.

फिरत फिरत आम्ही पेठेच्या दुसऱ्या टोकाला आलो. तिथं विहीणबाईंचं चहापत्तीचं दुकान, वर त्यांचं घर. चहाचे देठ त्या स्वतः भाजतात; गल्लीभर शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग वास सुटलेला असतो. आम्ही आत जाऊन चहा घेतला. विहीणबाईंना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची. त्या सारख्या माझ्या पेल्यात चहा ओतत होत्या आणि मी पीत होते. दोघींना दुसरं काय करता येणार होतं? मध्येच त्या आत गेल्या आणि एक छत्री आणून त्यांनी माझ्या हातात दिली. अंजूनं सांगितलं, की इथं डबा विसरला तरी चालतो पण छत्री विसरायची नाही, कारण पाऊस कधीही येतो. युकारी खाली आली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिची पावलं मला दिसली होती, पांढऱ्या मोज्यांतली. मग ती दिसेनाशी झाली.

निघायची वेळ झाली. आम्ही बूट घातले. अंजू आणि विहीणबाई आमच्याबरोबर रस्त्यावर आल्या. सुहास अंजूसमोर उकिडवा बसला, तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. ते लावलेलंच होतं. त्यानं काढून पुन्हा लावलं.

‘‘जातो,’’ तो म्हणाला.

आमच्याकडे हा शब्द तोंडातून गेला तर आया ओरडतात. मीही एरवी ओरडले असते. मी गप्प राहिले, कारण मला कळलं, की पोरीशी खोटं बोलायचं नाही म्हणून तो शब्द त्यानं निवडून काढला होता.

पण अंजू विद्यार्थिनी चांगली होती. ‘‘नाही बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘आजी म्हणाली, जातो नाही म्हणायचं. येतो म्हणायचं.’’

ती वाट बघत होती. मीच शिकवलेला धडा, आणि मीच तिथं उभी.

‘‘येतो,’’ तो म्हणाला.

तिचं समाधान झालं. सुहास उठला आणि चालू लागला. मी अंजूच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. ती हसली, आणि मी त्याच्यामागून निघाले.

तो रस्ता सरळ आहे हे मी सांगितलंच. सरळ रस्त्यावर निरोप फार लांबतो. आपल्याकडे गल्ल्या वळणावळणाच्या असतात हे किती बरं, असं वाटून गेलं. मागं पाहिलं नाही तरी पाठीवर दोघींची नजर जाणवत होती. कोपरा जवळ आला तसं मी हळूच म्हटलं, ‘‘सुहास, इथं वळून बघायचं आहे हं.’’

त्याच्या पावलांचा वेगही बदलला नाही. तसाच सरळ गेला आणि कोपऱ्याआड नाहीसा झाला.

मी वळले. सवयीनं हात जोडले, मग आठवण होऊन वाकले. लांबवर विहीणबाई कमरेतून वाकल्या. अंजू वाकली नाही. दोन्ही हात अंगालगत ठेवून ताठ उभी होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

कोपऱ्यापलीकडे गेले तर सुहास थंड पेयांच्या यंत्राला कपाळ टेकून उभा.

‘‘ती आत गेली नाही,’’ मी म्हटलं.

‘‘माहीत आहे.’’

‘‘मग वळ की, बाबा. एवढं धीरानं घेतलंस, आता एकदा तिच्याकडे बघ. तुला बघवणार नाही हे कळतंय मला, पण…’’

‘‘तसं नाही, आई.’’ त्यानं कपाळ उचललं नाही. ‘‘मी वळलो की ती आत जाईल.’’

मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

‘‘आत्ता ती उभी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्यासाठी उभी आहे. मी जोवर वळत नाही तोवर ती उभी राहील. वळलो की संपलं सगळं.’’

माझ्या वर्गातून किती पोरं गेली, कुणाचा पाय मोडलेला, कुणाची आई गेलेली, सगळ्यांना मी काही ना काही बोलून जवळ घेतलं होतं. पोटच्या पोराला सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हता. मी पुन्हा कोपऱ्यावर जाऊन पाहिलं. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. विहीणबाई अंजूशी काही बोलत होत्या, तिचा हात धरून हलकेच ओढत होत्या. ती जागची हलत नव्हती. शेवटी त्यांनी आपल्या अंगावरचं वस्त्र पसरून तिच्या डोक्यावर धरलं. आमची छत्री माझ्या हातात बंदच होती.

मी परत आले.

‘‘पवारबाईंच्या खिडकीतून तू सुटलास ते घंटा झाली म्हणून,’’ मी म्हटलं. ‘‘तिची घंटा कोण देणार?’’

मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, शर्ट नीट केला, आणि कोपऱ्यावर गेला.

तो वळला आणि वाकला. पद्धतीपेक्षा फार जास्त वेळ वाकून राहिला.

मला वाटलं, अंजू आता हात हलवेल. पळत येईल असंही वाटलं, आणि आली तर काय करायचं याची मला भीती वाटली. तसं काही झालं नाही. तिनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि शिकवलं होतं तशी खाली वाकली, डोक्याचा भांग दिसेपर्यंत. सरळ झाली. विहीणबाईंचा हात धरला आणि आत गेली. दार सरकलं. कुठंही काही चुकलं नव्हतं तिचं.

‘‘गेली,’’ सुहास म्हणाला.

आता पाहुण्यानं निघायचं असतं. तो निघाला नाही. पावसात तिथंच उभा राहून त्या घराच्या वरच्या मजल्याकडे, त्या काळ्या जाळीकडे बघत राहिला. मी छत्री उघडून त्याच्यावर धरली, ती त्यानं हातानं बाजूला केली.

‘‘आई, आतून दिसतं ना बाहेरचं?’’

‘‘दिसतं,’’ मी म्हटलं. ‘‘तीच म्हणाली की.’’

मग तो नीट उभा राहिला. शाळेच्या फोटोला मी त्याला उभं करायची तसा, खांदे मागं, हनुवटी वर. कपाळावरचे ओले केस मागं सारले. जाळीत काही हललं का, मला सांगता येणार नाही. बाहेरून आतलं दिसत नाही. गालावरचा वर्ख तेवढा पावसानंही निघाला नव्हता.

यालाही आता खूप वर्षं झाली. अंजू मोठी झाली असेल. कुणाला भेटायचं नि कुणाला नाही हे तिचं तिला ठरवता येईल एवढी. अजून तिकडून कुणाचा फोन नाही, पत्र नाही. ती विसरेल असं युकारी म्हणाली होती. कदाचित विसरलीही असेल. पोरं विसरतात, ते बरंच असतं. हेही मीच आयाबापांना सांगत आले.

सुहास माझ्याजवळ कुरुंदवाडलाच असतो. इचलकरंजीला नोकरीला जातो. पुन्हा लग्न केलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. फक्त सकाळी तो निघाला की मी दारात उभी राहते. ‘येतो’ म्हणून तो पायऱ्या उतरतो, गल्लीनं जातो, आणि पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर मागं वळून बघतो. मग मी आत जाते. शेजारच्या सुनेला हे विचित्र वाटतं. जाणाऱ्यानं मागं बघू नये असं तुम्हीच सांगता ना बाई, असं ती एकदा म्हणाली. मी तिला म्हटलं, की ते शाळेपुरतं.

परवा तो फोनवर बोलत बोलत निघाला आणि तसाच कोपरा ओलांडून गेला. मी उभी राहिले. गुडघे दुखायला लागले, तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. शेजारची म्हणाली, आत जा की बाई, गेला तो. मला जाता येईना.

मग गिरणीच्या भिंतीआडून तो पळत आला, अर्ध्या वाटेवरून परत. धापा टाकत कोपऱ्यावर उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि भर रस्त्यात, गिरणीवरच्या बायकांसमोर, कमरेतून वाकला.

मीही वाकले. मग आत गेले.